कानाची ऑपरेशनं खरंच कमी होतायत का? मग आम्ही शिकायचं कशावर?

जेआर_टू_परळ

नमस्कार सगळ्यांना. मी ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाला, एमएस करतेय, दुसरं वर्ष संपत आलंय, मुंबईतल्याच एका कॉलेजात, नाव लिहीत नाही. काल रात्री लॉगबुक भरायला बसले आणि खरं सांगते रडायलाच आलं. नाकाची पानं भरलीयत, घशाची भरलीयत, टॉन्सिल तर आता झोपेतून उठवलं तरी करेन, आणि कानाचं पान उघडलं की वरपासून खालपर्यंत असिस्टेड, असिस्टेड, असिस्टेड, म्हणजे ऑपरेशन दुसऱ्याचं, मी नुसती मदतीला. चीरा घेण्यापासून टाके घालेपर्यंत पूर्ण स्वतः केलेल्या टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे कानाचा पडदा बसवायची ऑपरेशनं, तीन. मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ड्रिल हातात आलंय पण वरवरचं कॉर्टेक्स (बाहेरचं कवच) उडवण्यापुरतंच, अँट्रम (आतली पोकळी) दिसायला लागलं की "चल, आता दे इकडे".

मागच्या मंगळवारचंच सांगते. लिस्टवर चार कान होते. आदल्या रात्री मी चौघांचे सीटी तीन तीन वेळा पाहिले होते, कानामागचे केस मीच काढून दिले, सिस्टरना बरचा (ड्रिलच्या टोकांचा) पूर्ण सेट लावून ठेवायला सांगितला. पहिला मुलगा सकाळी तापला, ॲनेस्थेशियाने फिटनेस मागे घेतला. दुसरा टेबलवर घेणार तेवढ्यात कॅज्युअल्टीतून दीड वर्षाचं पोर आलं, श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेला, मग तेच आधी, दीड तास गेला, पोर वाचलं यापेक्षा मोठं काही नाही. मग जो दुसरा कान होता त्यात कोलेस्टिअटोमाने (हाड कुरतडत वाढणारी कातडीची गाठ) फेशियल नर्व्हवरचं, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या नसेवरचं, हाड खाऊन टाकलेलं, तो मॅडमनीच करायला हवा होता, मी सक्शन धरून उभी. बाकीचे दोन राहिलेच. त्यातले एक काका मानखुर्दहून आलेले, रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही, साडेतीनला वॉर्डातल्या मामांनी त्यांना सांगितलं की आज टेबल बंद झालं, पुढच्या आठवड्यात या. ते मला म्हणाले, डॉक्टर माझं काही चुकलं का. काय सांगणार त्यांना.

जुने सर लोक म्हणतात आमच्या वेळी दिवसाला दोन दोन मास्टॉइड व्हायचे आणि रेसिडेंट करायचे. आता नाही होत. शिवाय तीन महिने डीआरपीमध्ये (पीजीच्या सक्तीच्या जिल्हा पोस्टिंगमध्ये) जिल्हा रुग्णालयात गेले, तिथे ओपीडीत कान फुटलेले पेशंट रोज दिसायचे, पोरं, शेतमजूर बायका, पण तिथे मोठी कानाची ऑपरेशनं होत नव्हती, आम्ही चिठ्ठी लिहून पुढे पाठवायचो.

माझे प्रश्न असे की, एक, कानाची ऑपरेशनं खरंच कमी झालीयत की फक्त आमच्यापर्यंत पोचत नाहीत? दुसरं, जगात इतर ठिकाणी हे झालंय का आणि त्यांनी काय केलं? आणि तिसरं, ज्यांनी अशाच तुटपुंज्या केसेसवर एमएस पूर्ण केलं ते पुढे कान करायला शिकले कसे? कारण वर्षाभराने माझ्या नावापुढे ईएनटी सर्जन लागणार आणि कोणीतरी आई आपलं मूल माझ्या हातात देणार, त्या विचाराने झोप लागत नाही. प्लीज अनुभवातलं सांगा.


निवृत्त_कानवाला

पोरी, आधी एक सांगतो, ज्या मुलीला ही काळजी वाटते तिच्या हातात मी माझ्या नातवाचा कान देईन. ज्याला वाटत नाही त्याची मला भीती वाटते.

आता तुझा पहिला प्रश्न. मी १९८४ ला एमएस झालो, मुंबईतच, पालिकेच्या हॉस्पिटलात. आमच्या वेळी दोन दोन मास्टॉइड व्हायचे हे खरं आहे पण ते का व्हायचे हेही ऐक. लोक यायचेच इतक्या उशिरा. कानामागे लिंबाएवढी गाठ घेऊन यायचे, तोंड वाकडं होऊन यायचे, मेंदूत पू होऊन बेशुद्ध यायचे. एक बाई मला अजून आठवते, रायगडातल्या एका वाडीतून आलेली, सहा महिने कानात गरम तेल सोडत होती, आली तेव्हा मान ताठ. न्यूरोसर्जनने आधी पू काढला मग आम्ही कान उघडला. ती जगली, पण त्याच महिन्यात दुसरा एक तरुण मुलगा गेला. म्हणजे आमचं ट्रेनिंग भरपूर झालं ते लोकांच्या दुर्दशेवर झालं. तो काळ परत यावा असं मला तरी वाटत नाही, आणि तुझे सर लोक "आमच्या वेळी" म्हणतात तेव्हा त्यांनाही हे आठवत असणार.

हे चक्र नवीन नाही. श्वार्ट्झेने जर्मनीत १८७३ साली मास्टॉइड उघडायची पद्धत नीट घालून दिली, त्यानंतर सत्तर एक वर्षं मास्टॉइड म्हणजे कानाच्या डॉक्टरची रोजची भाकरी. मूल तापलं, कान ठणकला, मागे सूज आली की उघडा, नाहीतर मेंदूज्वर. मग आधी सल्फा आलं आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन, आणि पाश्चात्य देशात ॲक्यूट मास्टॉइडची ऑपरेशनं दहा पंधरा वर्षांत ओसरली. तेव्हाही लोक म्हणाले आता कानाची सर्जरी संपली. संपली का? नाही. वुलस्टाइन आणि झोलनर यांनी त्याच सुमारास मायक्रोस्कोपखाली पडदा बसवायचं शास्त्र उभं केलं, म्हणजे आधी जीव वाचवायला कान उघडायचे, आता ऐकू यावं म्हणून उघडायला लागले.

स्टेपिसचीही (कानातलं सगळ्यात छोटं हाड) तीच गोष्ट, आणि तुझ्या प्रश्नाला ती सगळ्यात जवळची आहे. १ मे १९५६ ला अमेरिकेत जॉन शी यांनी पहिली स्टेपिडेक्टॉमी, म्हणजे ते हाड काढून कृत्रिम बसवायचं ऑपरेशन, केली, आपल्याला तारीख लक्षात ठेवायला सोपी, महाराष्ट्र दिनाचीच. त्या आधी ओटोस्क्लेरोसिसने (ते हाड घट्ट बसण्याच्या आजाराने) बहिरे झालेले लोक वर्षानुवर्षं साठलेले होते, ते सगळे एका लाटेत आले, त्या काळातल्या सर्जननी हात भरून ऑपरेशनं केली. मग साठा संपला. नंतर जे येतात ते नव्याने होणारे, थोडेच, त्यातलेही बरेच चांगलं हिअरिंग एड लावून खूश असतात, आणि गोवराच्या लसीमुळे हा आजारच कमी होतोय असं मानणारेही संशोधक आहेत. परिणाम असा की ऐंशीच्या दशकापासून तिकडे लिहिलं जातंय की रेसिडेंटला स्टेपिस इतके कमी मिळतात की त्याने ते करावं का, की ठराविक लोकांनीच करावं. कारण स्टेपिसला शंभरात एखादा कान पूर्ण बहिरा होण्याचा धोका चांगल्या हातातही असतो, मग नवशिक्याने कोणाच्या कानावर शिकायचं? हा प्रश्न तुझ्या आधी चाळीस वर्षं लोकांना पडलाय, तू एकटी नाहीस.

आता आपलं. आजार संपलाय असं म्हणणाऱ्याने एकदा गोवंडीत ओपीडी करावी. डब्ल्यूएचओच्या २००४ च्या अहवालात जुनाट कान वाहण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या देशांच्या गटात, म्हणजे चार टक्क्यांच्या वर, भारत होता. कमी होणार हे नक्की, अँटिबायोटिकचे ड्रॉप आज गल्लीतल्या केमिस्टकडे मिळतात, न्यूमोकोकलची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली, पण संपायला अजून पिढ्या जातील, आणि २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली होती ना, गोवर आला की त्याच्या मागे कान येतातच.

मग तुझ्या टेबलवर कान का कमी? माझ्या मते एक मोठं कारण म्हणजे पेशंट विखुरले. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली, तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना. आता नाशिकचा, धुळ्याचा माणूस कानासाठी मुंबईला कशाला येईल, त्याच्याच शहरात कार्डावर खासगी हॉस्पिटलात होतं. हे त्याच्यासाठी उत्तमच झालं, एसटीने येऊन फुटपाथवर झोपायची पाळी गेली. फक्त त्या खासगी ओटीत शिकणारं कोणी उभं नसतं. म्हणजे कान तेवढेच, पण शिकायला मिळणारे कान कमी. आणि जे तुमच्याकडे येतात ते अवघडच येतात, दुसरीकडे एकदा करून बिघडलेले किंवा नर्व्ह उघडी पडलेले, ते मॅडम तुला देणार नाहीत आणि देऊही नयेत.


ठाणे_ईएनटी

सर, वरचं सगळं वाचून अंगावर काटा आला, धन्यवाद.

जेआर टू, तुला तू म्हणतो, तीन चार बॅचच सीनियर असेन. मी २०१९ ला जॉइन झालो. फर्स्ट इयर म्हणजे वॉर्ड, ड्रेसिंग, ब्लड पाठव, त्यात कान कोण देतं. दुसऱ्या वर्षी मिळतील म्हणून वाट पाहत होतो आणि मार्च २०२० आला. कोविडमध्ये ठरवून करायची सगळी ऑपरेशनं बंद, आणि मास्टॉइडचं ड्रिल तर पाण्याचे फवारे उडवणारं म्हणून सगळ्यात शेवटी सुरू झालं. आम्ही आयसीयूत पीपीई घालून ट्रॅकिओस्टॉमी करत होतो. मग २०२१ च्या मे महिन्यात म्युकर आला. रात्रंदिवस दुर्बिणीने नाक साफ करणं, टाळू काढणं, डोळा वाचवायचा की काढायचा याच्या मीटिंगा. मी सायनस जे शिकलो ते दहा वर्षांत कोणी शिकणार नाही, पण कानाचं पान कोरं. त्यात नीट पीजी पुढे गेलेली, समुपदेशन कोर्टात अडकलेलं, नवे ज्युनियर कित्येक महिने आलेच नाहीत, म्हणजे फर्स्ट इयरचं कामही आम्हीच. २०२२ ला पास झालो तेव्हा पूर्ण मास्टॉइड एकही स्वतः केलेला नव्हता. एकही नाही. हे मी घरच्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

पुढे जे केलं ते सांगतो, कदाचित उपयोग होईल.

मी पहिलं हे मान्य केलं की पेशंटवर शिकायचे दिवस माझ्या वाट्याला आले नाहीत, तर हाडावर शिकायचं. ॲनाटॉमीच्या एचओडींना पत्र लिहिलं, एमबीबीएसच्या पोरांचं डिसेक्शन संपलं की डोक्याचा भाग बरेचदा तसाच राहतो, रीतसर परवानगी घेऊन टेम्पोरल बोन (कानाची हाडं) काढून मिळाली. पहिल्या दिवशी जुना डेंटल मायक्रोमोटर आणि एक जुना मायक्रोस्कोप घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात सिग्मॉइड सायनसमध्ये, म्हणजे मेंदूकडच्या मोठ्या शिरेत, घुसलो. जिवंत माणूस असता तर रक्ताचा पूर आला असता. त्या दिवशी कळलं की पुस्तकात लिहिलेलं "निळसर झाक दिसते" म्हणजे काय, कारण मी झाक दिसायच्या आधीच घुसलो होतो. पाचव्या हाडाला ती दिसली. ताज्या गोठवलेल्या हाडात अजून छान दिसते, फॉर्मेलिनच्या हाडात रंग मरतो, पण आवाज मरत नाही. बर हाडाच्या पातळ पापुद्र्यावर आला की आवाज बदलतो, बारीक होतो, तो कान देऊन ऐकायचा. ड्यूराजवळही (मेंदूच्या आवरणाजवळ) तसाच बदलतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, हाडाने सांगितलं.

मग रीत बसली. मोठ्यात मोठा बर आधी, छोटा बर भोकं पाडतो आणि घुसतो. कड्या गोलसर, बशीसारखी पोकळी करत जायचं, खोल विहीर खणायची नाही, विहिरीत काहीच दिसत नाही. हात नर्व्हच्या रेषेला समांतर, आडवा कधीच नाही. लॅटरल सेमिसर्क्युलर कॅनालचा (तोल सांभाळणाऱ्या नळीचा) पांढरा चकचकीत उंचवटा आणि इन्कसचं (मधल्या कानातल्या हाडाचं) छोटं टोक, ही दोन दिसेपर्यंत फेशियलचा विचारही करायचा नाही, आणि दिसली की डायमंड बर आणि पाणी, पाणी, पाणी, कारण नर्व्ह नुसत्या बरच्या उष्णतेनेही जाते.

हाड मिळेना तेव्हा अंडं. हसू नकोस, अंड्याचं कवच डायमंड बरने उडवायचं आणि आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही, रोज एक. आणि बकऱ्याची मुंडी. आमच्या इथला मटणवाला रविवारी पहाटे सहाला दुकान उघडतो, त्याला सांगून ठेवलेलं की कानासकट मुंडी ठेव. बकऱ्याचं मास्टॉइड आपल्यासारखं नसतं त्यामुळे ड्रिलिंगला काही कामाची नाही, पण पडदा उचलणं, ग्राफ्ट (पडद्याला लावायचा तुकडा) सरकवणं, छोटी हाडं हलवून पाहणं, दुर्बिणीने हात स्थिर ठेवणं, याला एक नंबर. पडदा उचलताना कॉर्डाजवळ (चवीच्या नसेजवळ) हात थरथरायचा तो तिथेच थांबला.

दुर्बिणीवरून आठवलं, हल्ली सगळीकडे एंडोस्कोपने टिम्पॅनो होतात, कानामागे चीरा नाही, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी, छानच आहे. पण एका हातात दुर्बीण असते म्हणजे काम एकाच हाताने, आणि ड्रिल जवळजवळ नाहीच. जो रेसिडेंट फक्त तेवढंच पाहतो त्याला मायक्रोस्कोपखाली डाव्या हातात सक्शन उजव्या हातात ड्रिल ही सवय लागतच नाही. तुझ्या युनिटला एंडोस्कोप जास्त होत असेल तर महिन्याला दोन तरी कानामागून करायच्या ठेवा अशी विनंती कर, मॅडम ऐकतील.

पास झाल्यावर सीनियर रेसिडेंट म्हणून मुद्दाम अशा ठिकाणी गेलो जिथे कान होतात, पगार कमी होता. पहिला पूर्ण मास्टॉइड तिथे केला, चार तास लागले, सर शेजारी स्टुलावर बसून होते आणि एकदाही ड्रिल मागितलं नाही. आज मी ठाण्यात कान करतो. नर्व्ह उघडी दिसली सीटीत तर आजही त्या सरांकडे पाठवतो आणि स्वतः असिस्ट करायला जातो.


आर्याची_आई

मी डॉक्टर नाही, कळव्याला राहते, मुलीचा कान गेल्या वर्षी केला म्हणून हा विषय वाचत होते. मध्ये बोलले तर चालेल ना.

आर्या तेव्हा नऊ वर्षांची. कान वाहायचा, वास यायचा, शाळेत मुलं शेजारी बसायची नाहीत. डॉक्टर म्हणाले हाड कुजतंय, ऑपरेशन करावंच लागेल. मुंबईतल्या सरकारी हॉस्पिटलात केलं. आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टर मुलगी आली, सही घ्यायला, आणि मी सरळ विचारलं की ऑपरेशन कोण करणार, मोठे डॉक्टर की तुम्ही. ती क्षणभर थांबली. मग खाली माझ्या शेजारी बाकड्यावर बसली आणि म्हणाली, ताई, पहिला भाग मी करणार, सर माझ्या बाजूला उभे असतील, नर्व्हच्या जवळचा भाग सर करतील, मी हे आधी हाडावर खूप वेळा केलंय. मी म्हटलं कुठल्या हाडावर. तिने सांगितलं, देहदान केलेल्यांच्या. मला एकदम गलबलून आलं. माझ्या सासऱ्यांनी देहदान केलेलं होतं, आम्ही घरात तेव्हा खूप वाद घातला होता, सासूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मी त्या मुलीला काही बोलले नाही, सही केली.

आर्याचा कान आता कोरडा आहे. तोंड सरळ आहे, हसते, मी पहिले आठ दिवस रोज तिला हसायला सांगायचे.

डॉक्टर ताई, तुम्ही म्हणालात ना आई आपलं मूल हातात देणार. आम्ही देतो. फक्त सांगा. लपवून केलंत तर राग येतो, समोर बसून सांगितलंत तर आम्ही समजून घेतो.


मँचेस्टरहून_मुलुंडकर

मूळ मुलुंडची, इथे इंग्लंडमध्ये ईएनटी रजिस्ट्रार आहे. दुसऱ्या प्रश्नाचं थोडं सांगते.

इथे सगळ्यात मोठी घट झाली ती ग्रॉमेटची, म्हणजे कानाच्या पडद्यात बसवायच्या बारीक नळीची. मुलांच्या कानात पाणी साठलं की टाका ग्रॉमेट असं ऐंशीच्या दशकात सर्रास चालायचं, १९९२ ला एक पत्रक निघालं की बऱ्याच मुलांचं आपोआप बरं होतं, त्यानंतर आकडे झपाट्याने खाली आले, आणि २००८ ला नाइसने (उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी इथली संस्था) स्पष्टच सांगितलं की आधी तीन महिने थांबा, ऐकू येणं परत तपासा, मग ठरवा. मुलांसाठी हे योग्यच होतं, कोणी वाईट म्हणत नाही. पण ग्रॉमेट हे मायक्रोस्कोपखाली हात बसवायचं पहिलं ऑपरेशन असतं, पडद्यावर मिलिमीटरभर चीर देताना श्वास कसा धरायचा हे तिथेच कळतं. तेच कमी झालं. शिवाय २००९ पासून कामाचे तास आठवड्याला ४८ वर आले, माणसासारखं जगता येतं, पण ओटीतले तास गेले.

इथे झालं असं की प्रत्येकाने सगळं करायचं हा हट्ट सुटला. ज्याला कान करायचेत तो ट्रेनिंगच्या शेवटी वेगळी फेलोशिप करतो, बाकीच्यांना कान ओळखता यायला हवा, योग्य वेळी पाठवता यायला हवा, ॲक्यूट मास्टॉइडला रात्री दोन वाजता पू मोकळा करता यायला हवा. भारतात हे जसंच्या तसं चालणार नाही, कारण तालुक्याच्या ठिकाणी ईएनटीवाला एकच असतो आणि त्यालाच सगळं करावं लागतं. म्हणून मला वाटतं तुमच्याकडे हाडाची लॅब आमच्यापेक्षा जास्त गरजेची आहे.

आणि एक, डेन्मार्कच्या लोकांनी बनवलेला व्हिजिबल इअर सिम्युलेटर फुकट मिळतो, कॉम्प्युटरवर चालतो. खऱ्या हाडाची जागा घेत नाही पण रात्री अकराला हॉस्टेलवर कुठलं हाड मिळणार, तेव्हा पायऱ्या पाठ करायला चांगला आहे.


निवृत्त_कानवाला

मुलुंडच्या मुलीचं बरोबर आहे. एकच भर घालतो. सगळेच कान कमी होत नाहीयेत. माझ्या काळी कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायचं यंत्र) आपल्याकडे दंतकथा होती, आज सरकारच्या ॲडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या) योजनेत जन्मतः न ऐकणाऱ्या लहान मुलांना मिळतं, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत (श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था) मुलांची गर्दी बघून ये एकदा. इम्प्लांटला आधी कॉर्टिकल मास्टॉइड करावाच लागतो, आणि त्या मुलाचं हाड आजारी नसतं, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. शिकायला याहून चांगला मास्टॉइड नाही. तुमच्याकडे किंवा शेजारच्या कॉलेजात इम्प्लांट होत असतील तर हात धुऊन उभी राहा आणि म्हण की कॉर्टेक्सपासून अँट्रमपर्यंत मी करते, कॅनाल आणि इन्कस दाखवते, पुढची पोस्टीरियर टिम्पॅनोटॉमी (मधल्या कानात जायची वाट करणं) तुमची. कुठे थांबणार हे आधी सांगणाऱ्या रेसिडेंटला ड्रिल मिळतं. मी तरी द्यायचो. जो नुसतं "सर मला द्या ना" म्हणायचा त्याला देताना माझा जीव वर खाली व्हायचा.

आर्याच्या आई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार.


जेआर_टू_परळ

सगळ्यांचे खूप आभार. तीन वेळा वाचलं, एकदा हॉस्टेलवर रूममेटला मोठ्याने वाचून दाखवलं.

आर्याची आई, ताई, तुमचं वाचून मी आज एक केलं. ते मानखुर्दचे काका आज परत ॲडमिट झाले. मी त्यांच्या कॉटवर बसून सांगितलं की तुमचं काही चुकलं नव्हतं, टेबल पुरलं नाही, आणि उद्या तुम्ही पहिले आहात, मी मॅडमना सांगून नंबर बदलून घेतलाय. मग हेही सांगितलं की पडदा बसवायचं काम मी करणार आहे आणि मॅडम बाजूला असतील. ते म्हणाले, बरं, सावकाश कर पोरी, घाई नको.

निवृत्त सर, मी मॅडमना आज राउंडनंतर विचारलं, तुम्ही म्हणालात तसंच, कुठे थांबणार ते आधी सांगून. मॅडम म्हणाल्या सीटी घेऊन ये, लँडमार्क दाखव, मग बोलू. ॲनाटॉमीला पत्र पण लिहिलंय, सही झाली की देते.

ठाणे_ईएनटी सर, तुमच्याकडे अजून हाडं किंवा तो जुना मायक्रोस्कोप आहे का? मला रविवारी ड्युटी नाहीये, ठाण्याला येऊ शकते, दोन ज्युनियर पण मागे लागलेत.


ठाणे_ईएनटी

ये. मायक्रोस्कोप क्लिनिकवर आहे, हाडं नियमाप्रमाणे कॉलेजातच ठेवायची असतात ती बाहेर नेता येत नाहीत, पण मुंड्या चार सांगून ठेवतो. ज्युनियरना पण आण. सातला पोचा, दहाला माझी ओपीडी सुरू होते. आणि काकांचा ग्राफ्ट कसा बसला ते उद्या इथे लिही.


जेआर_टू_परळ

लिहिते. टेम्पोरालिस फेशिया (कानावरच्या स्नायूचा पापुद्रा) छान मोठा मिळाला, अंडरले केलं (पडद्याच्या आतून लावलं), जेलफोम (विरघळणारा स्पंज) भरलं, पावणेदोन तास लागले. ड्रेसिंगनंतर काका विचारत होते चहा कधी मिळेल. लॉगबुकात आज चौथी ओळ भरली.